सफरचंद-मैदा की पेरू-ज्वारी? सोलापुरात क्रंबल करायचं तर

क्रंबल हा बेकिंगमधला बहुधा सगळ्यात सोपा गोड पदार्थ. खाली फळांच्या फोडी, वर पीठ, लोणी आणि साखर बोटांनी चोळून केलेला रवाळ भुगा, की लावलं ओव्हनला. १९४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर रेशनवर गेली. 'पाय' म्हणजे पारीत फळं भरून भाजलेला पदार्थ, त्याची पारी परवडेनाशी झाली आणि युद्धाच्या त्या वर्षांत हा प्रकार तिथे घरोघरी रुळला. म्हणजे मुळात काटकसरीचा पदार्थ. त्यासाठी महागडी हिरवी सफरचंदं शोधत फिरणं मला तरी पटत नाही. तरी सफरचंदाची बाजू आधी ऐकून घेऊ.

सफरचंदाला बी-बियांची कटकट नाही. सालं काढा, फोडी करा, दालचिनी भुरभुरा, झालं. चवही सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे पाहुण्यांपुढे ठेवायला धाकधूक नाही. अडचण जातीची आहे. तिकडे यासाठी आंबट सफरचंद वापरतात. आपल्याकडे गाड्यावर मिळणारं लालभडक सफरचंद गोड असतं, पण भाजलं की पिठूळ आणि मिळमिळीत होतं. त्यात एका लिंबाचा रस पिळावाच लागतो आणि साखर निम्म्यावर आणावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवा माल येतो तेव्हा जरा करकरीत मिळतं. उन्हाळ्यातलं शीतगृहातलं घेऊ नका.

पेरूला कष्ट जास्त आहेत, हे आधीच सांगते. अर्धा किलो पेरू घ्या, अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबणारे. पिवळेधमक, मऊ झालेले नकोत. साल काढून चार भाग करा आणि चमच्यानं मधला बियांचा गर कोरून घ्या. हा गर टाकायचा नाही. त्यात अर्धी वाटी पाणी घालून पाच-सात मिनिटं उकळा आणि गाळणीवर चमच्यानं घासून गाळा. बिया वर राहतात, खाली दाट, गुलाबीसर रस उतरतो. पेरूत पेक्टिन (रस घट्ट धरायला लावणारा फळातला घटक) भरपूर, त्यामुळे हाच रस फोडींवर ओतला की ओव्हनमध्ये तो आटून जेलीसारखा धरतो. सफरचंदाला पाणी सुटलं तर चमचाभर कॉर्नफ्लोअर लावावं लागतं, इथे त्याची गरज पडत नाही. दोन चमचे गूळ, लिंबू, चिमूटभर सुंठ आणि मीठ पुरे. मूठभर बेदाणे टाका, ते तर आपल्याच जिल्ह्याचे. फोडी सफरचंदासारख्या विरघळत नाहीत, दाताखाली लागतात.

एकच धोका आहे. भाजताना पेरूचा वास घरभर होतो आणि काहींना तो अजिबात सोसत नाही. घरात असं कुणी असेल तर वाद न घालता सफरचंद आणा.

बाकी फळांचं थोडक्यात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे, पण म्हणून डाळिंब ओव्हनमध्ये घालायचं नसतं. दाण्यांतला रस जातो आणि बिया तेवढ्या उरतात. वाढताना वरून न भाजलेले दाणे पेरा, छान दिसतात. द्राक्षं फुटून पाणी पाणी करतात. नान्नजच्या सोनाका द्राक्षांचा अभिमान आहेच, पण ती खायची तशीच. सीताफळाच्या तर वाटेलाच जाऊ नका, तापवलं की त्याचा गर कडवट होतो.

आता वरचा थर, कारण क्रंबल जमतं किंवा बिघडतं ते इथेच. नेहमीचं प्रमाण वजनानं सोपं आहे: मैदा दोन भाग, लोणी एक, साखर एक. लोणी फ्रिजमधून काढलेलं, थंडच हवं. मैद्याचा भुगा हलका, फिकट सोनेरी, बिस्किटासारखा होतो. खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका.

ज्वारी इथे चालेल का, असं विचारणाऱ्यांना केकचा अनुभव आठवत असतो. केकला ग्लूटेन (गव्हातलं चिकट, ताणलं जाणारं प्रथिन) लागतं, क्रंबलला नाही. उलट ग्लूटेन तयार होऊ नये म्हणूनच मैदा बोटांनी हलकेच चोळायचा असतो. ज्वारीत ते नाहीच, तेव्हा कितीही चोळा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात असेल तर उत्तमच, पण पीठ गिरणीतून ताजं दळून आणलेलं हवं. जुनं पीठ कडसर लागतं आणि गुळातही ते लपत नाही. शंभर ग्रॅम पीठ मंद आचेवर पाच मिनिटं परता, कच्चा वास जाईल. गार झालं की पन्नास ग्रॅम दाण्याचं जाडसर कूट, सत्तर ग्रॅम किसलेला गूळ आणि साठ ग्रॅम थिजलेलं तूप घाला. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाहीच, म्हणून तूप कमी लागतं. पण त्याच कारणानं भुगा बांधला जात नाही, नुसती वाळू राहते. चमचा-दोन चमचे दूध शिंपडून मुठीत दाबा आणि मोडा, वाटाण्याएवढे खडे झाले पाहिजेत. आपल्याकडे तूप उन्हाळ्यात बरणीतही पातळच असतं, तेव्हा ते अर्धा तास फ्रिजला ठेवा.

चवीला ज्वारीचा थर खमंग, कूट भाजल्यामुळे चिक्कीच्या अंगानं जाणारा. मैद्याचा नाजूकपणा त्यात नाही. सफरचंदावर मला मैदाच आवडतो, ज्वारी त्याची चव दाबून टाकते. पेरूवर मात्र मैदा फिका पडतो. म्हणून जोड्या शीर्षकात आहेत तशाच ठेवा, अदलाबदल करू नका.

भांडं उथळ घ्या. फळाचा थर दीड इंच, वर भुगा नुसता पसरायचा, थापायचा नाही. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) असेल तर आधी दहा मिनिटं तापवून मैद्याच्या क्रंबलला १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. गूळ लवकर करपतो, म्हणून ज्वारीच्याला १७० ठेवा. कडेनं रस बुडबुडायला लागला की झालं. एअर फ्रायरमध्ये पंख्यानं भुगा उडतो, पहिली दहा मिनिटं वर फॉइल घट्ट लावून ठेवा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर गिचका होतो.

कढईत मीठ घालून बेक करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, पण कढईत वरून आच नसते आणि झाकणाची वाफ भुग्यावरच पडते. तिथे फोडी वेगळ्या शिजवाव्यात, भुगा जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर हलवत भाजावा आणि वाढताना वर घालावा. ही युक्ती ज्वारीला चालते. मैदा तव्यावर एकसारखा भाजला जात नाही. ओव्हन नसेल तर इथेच तुमचा निर्णय झाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ओटीजी लावायची इच्छा होत नाही, तेव्हाही हाच मार्ग.

सोबत व्हॅनिला आइस्क्रीम दोन्हींबरोबर जातं. पेरूबरोबर नुसती घट्ट साय घेऊन बघा, साखर न घालता.

भुगा दुप्पट करून ठेवला तर डब्यात, फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतो, मैद्याचाही आणि ज्वारीचाही. वापरताना वितळवायचा नाही, गोठलेलाच फळांवर पसरायचा आणि पाच मिनिटं जास्त भाजायचं.