राजमाचीत टेंट: पवनेपेक्षा कितीतरी बरं, पण रस्ता बघून जा

पुण्यात कुणी कॅम्पिंग म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पवना धरणाचा काठच. आम्ही तिथे राहिलोय, साइटचं नाव घेत नाही, पण टेंट इतके खेटून की शेजारच्याचं घोरणं फुकटात, बार्बेक्यूच्या नावाखाली पनीरच्या दोन काड्या, अर्ध्या रात्रीपर्यंत स्पीकर, आणि समोर तुंग-तिकोना किल्ले उभे आहेत तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून यावेळी लोणावळ्याजवळची राजमाची. पाचपैकी चार.

किल्ले दोन, श्रीवर्धन आणि मनरंजन, आणि त्यांच्या पायथ्याशी उधेवाडी गाव. गावातल्याच एका घरी जेवणाचं सांगितलं आणि अंगणाशेजारी त्यांचेच टेंट. टेंट साधे, चेन जरा अडकते, उशा म्हणजे नावाला. पण जेवण! पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा वाफाळता भात, आणि मावशी उठूच देत नाहीत, "अजून अर्धी घ्या की, सकाळी गड चढायचाय ना". पैसे पवनेच्या निम्म्याहून कमी. टॉयलेट अंगणाच्या टोकाला, स्वच्छ होतं, पाणी बादलीने न्यायचं, यात कुरकुर करणाऱ्यांनी लोणावळ्यात हॉटेल घ्यावं.

स्वतःचा टेंट नेणार असाल तर एक ऐका. इथे बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली थेट कातळ लागतो, खुंट्या आत जातच नाहीत, वाकतात. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधायच्या, आणि कड्याच्या बाजूला तर टेंट लावायचाच नाही, दरीतून वारा वर येतो तो उचलून नेईल.

आता तो कातळ. हे सगळे डोंगर लाव्हाचे आहेत हे शाळेत वाचलेलं असतं पण श्रीवर्धनवरून समोरचे कडे बघताना खरं कळतं, आडवे थर स्पष्ट दिसतात, भाकऱ्यांची चवड रचावी तसे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा पसरत गेला, एकावर एक, त्यामुळे इथे ज्वालामुखीचं तोंड शोधत बसू नका, शंकूसारखा डोंगर नाहीच. आजही हा खडक जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. काही घाटांत दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो, म्हणजे एक थर येऊन गेल्यावर मध्ये बराच काळ गेला, वरचा खडक कुजून माती झाली आणि मग तिच्यावर पुन्हा लाव्हा आला. दगडात बुडबुड्यांची भोकं असतात, त्यात पांढरे स्फटिक भरलेले सापडतात. आपल्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट नावाचा निळा स्फटिक याच खडकातला, जगभरचे संग्राहक त्याच्यामागे असतात आणि आपण वाघोलीला फक्त ट्रॅफिकसाठी ओळखतो.

गडावरची पाण्याची टाकी, खाली कोंढाण्याची बौद्ध लेणी, सगळं ह्याच दगडात कोरलेलं. दोन्ही किल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे, दुपारी सावलीला बेस्ट. उदयसागर तलाव आणि शंकराचं जुनं देऊळ सोडू नका, संध्याकाळी तिथे गर्दी नव्हती.

एक स्टार कापला तो गर्दीसाठी, गावाची यात काही चूक नाही. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी झुंबड उडते आणि लोक झाडांवर मोबाईलचे टॉर्च मारत फिरतात. अरे तो जोडीदाराला बोलवायला लुकलुकतोय, तू उजेड पाडलास तर त्याचं सिग्नल कोण बघणार? शनिवार टाळून मधल्या वारी जा.

रस्ता: लोणावळ्याहून तुंगार्लीकडून कच्चा, साधारण 15 किलोमीटर. पाऊस सुरू झाला की छोटी गाडी नेऊच नका, चिखलात चाक जागेवर फिरत बसतं, बाईकवाल्यांनीही जपून. चालत आलात तर चढ फार नाही, नुसतं लांब आहे. दमदार पाय असतील तर कोंदिवड्याकडून लेणी बघत वर या, तो चढ मात्र अंगावर येतो, आणि पावसात दगडाला शेवाळ असतं. उतरायचं त्या बाजूला असेल तर सकाळी लवकर निघा, खाली कर्जतला जाऊन पुण्याची गाडी पकडता येते. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐनवेळी गेलात तर मावशी नाही म्हणणार नाहीत पण त्यांची धावपळ होते.