पिल्सनमधील मेक्सिकन खानावळ : नऊ महिन्यांच्या जेवणानंतर

शिकागोच्या पिल्सन भागात, 18व्या रस्त्याजवळच्या एका लहान मेक्सिकन खानावळीत मी नऊ महिने जवळजवळ दर रविवारी जेवतो आहे. खानावळीचे नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती कमी-अधिक प्रमाणात बहुतेक मेक्सिकन खानावळींना लागू पडेल. पिल्सन हे नाव चेक स्थलांतरितांनी दिलेले असले, तरी आज तेथील भिंतींवरची चित्रे, बेकऱ्या आणि 1987 पासून चालू असलेले मेक्सिकन कलेचे संग्रहालय पाहिले की वस्ती कोणाची, हे विचारावे लागत नाही.

मेक्सिकन जेवण म्हणजे पिवळ्या चीजखाली दडलेला कुरकुरीत टाको, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी कापडात गुंडाळून आलेल्या टॉर्टियांनी, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांनी, मोडली. आपल्याकडे मक्याची भाकरी करायची तर पीठ गरम पाण्यात मळावे लागते, तरीही थापताना काठ फुटतात आणि गार झाल्यावर तिची घडी घालता येत नाही. येथे मात्र मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात थोडे शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि ओलेच दळतात, त्यामुळे ते पीठ चिकटून येते आणि तव्यावर, म्हणजे त्यांच्या कोमालवर, टॉर्टिया टम्म फुगते. चुन्याने मक्यातील नायसिन हे ब-जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते. युरोपने मका उचलला, पण ही रीत उचलली नाही, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा या नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने गाठले. ताज्या टॉर्टियाला पावसाच्या पहिल्या सरीनंतर चुना दिलेल्या भिंतीला येतो तसा पुसट वास असतो, आणि आता मला तो नसला तर चुकल्यासारखे होते.

मोले मात्र तीन वेळा खाल्ल्यावर आवडला. त्यात चॉकलेट असते असे ऐकल्यामुळे मी गोडाची तयारी ठेवून बसलो होतो. प्रत्यक्षात आंचो, मुलातो, पासिया अशा वाळवलेल्या मिरच्या, तीळ, बेदाणे आणि भाजलेली शिळी टॉर्टिया यांचे ते दाट, काळपट वाटण निघाले, आणि चॉकलेटचे काम त्यात आपल्या आमटीतल्या गुळाइतकेच. ज्यांना काळ्या वाटणाचे मटण आवडते, त्यांनी कोंबडीच्या तंगडीवरचा मोले अवश्य घ्यावा, पण पहिल्या घासावर निकाल देऊ नये.

आता तक्रार. फेब्रुवारीत आई साताऱ्याहून आली होती. ती कटाक्षाने शाकाहारी आहे. घोटलेल्या घेवड्यात मांस आहे का, असे मी वाढणाऱ्या मुलाला विचारले आणि त्याने नाही म्हणून सांगितले. अर्धी ताटली संपल्यावर दुसऱ्याकडून कळले की घेवडा ‘मांतेका’त, म्हणजे डुकराच्या चरबीत, परतलेला होता. मुलगा खोटे बोलला नव्हता, कारण त्यांच्या हिशेबी चरबी म्हणजे मांस नव्हे. तरीही, मेन्यूवर हिरव्या पानाची खूण छापणाऱ्यांनी एवढे लिहायला हवे होते. त्यांनी ती ताटली बिलातून वगळली. आई मात्र दोन दिवस नीट जेवली नाही. शाकाहारी लोकांनी मांतेका आहे का, असेच नेमके विचारावे, आणि भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवला आहे का, हेही. खात्री करून घेतली की मग भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून दुमडलेली टॉर्टिया), निवडुंगाच्या कोवळ्या पानांचे नोपालेस आणि मलईतल्या पोब्लानो मिरच्या यांवर पोट भरून जेवता येते.

बाकी किरकोळ. ओर्चाता, म्हणजे तांदळाचे थंड पेय, फार गोड असते. त्यापेक्षा लाल अंबाडीच्या बोंडांचे ‘हामाइका’ सरबत घ्यावे. रविवारी साडेअकरानंतर अर्धा तास उभे राहावे लागते. आठवड्यातल्या संध्याकाळी टॉर्टिया पाकिटातल्या येतात, आणि तेव्हा ही खानावळ इतर चार खानावळींसारखीच होते. त्या वेळी मी आता जात नाही.

त्या प्रसंगानंतरही आई एकदा आली, ती केवळ कोमालवरच्या बाईंना चुन्याचे प्रमाण विचारण्यासाठी. माझ्या मोडक्या स्पॅनिशमधून उत्तर मिळाले ते किलोभर मक्याला सुमारे 10 ग्रॅम असे. साताऱ्याला परतल्यावर तिने पानाच्या डबीतला चुना वापरून पाहिला. दाणे पिवळेधमक झाले, सालही सुटली, पण मिक्सरमध्ये पाणी जास्त पडल्याने पीठ सैल झाले आणि त्या दिवशी घरी टॉर्टियांऐवजी मक्याचे वडे झाले.