फॅनग्राफ्सचा ऑक्शन कॅल्क्युलेटर: भाव चोख, पण चाळीतला कांदा धरत नाही

लासलगावचा लिलाव पाहिलेल्या माणसाला फॅन्टसी बेसबॉलमधली, म्हणजे खऱ्या खेळाडूंवर बोली लावून कागदावरचे संघ बांधायच्या खेळातली, किंमत समजवायला वेळ लागत नाही. आवक किती, खरेदीदारांच्या हातात पैसा किती आणि हलका माल कितीला जातो, एवढंच बघायचं. फॅनग्राफ्स या बेसबॉल आकडेवारीच्या साइटवरचा हा कॅल्क्युलेटर तेच गणित मांडतो, तेही फुकट. नाशिकमध्ये मित्रामित्रांत लीग चालवणाऱ्यांनी तो वापरावाच, फक्त आलेला आकडा तसाच करारात उतरवू नये.

आधी सेटिंग. 12 संघ, प्रत्येकी 260 डॉलर (अर्थात कागदावरचे) आणि 23 खेळाडू धरा. एकूण पैसा 3120, खेळाडू 276. प्रत्येकाला किमान 1 डॉलर लागतोच, म्हणजे खरी चढाओढ उरलेल्या 2844 डॉलरची. लीगबाहेर फुकट पडून असलेल्या खेळाडूपेक्षा कोण किती सरस, त्यावर ही रक्कम वाटली जाते. फलंदाज आणि पिचर (चेंडू टाकणारे) यांच्यात पैशाची वाटणी साधारण 67-33 टक्के ठेवा. चूक बहुतेक वेळा कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) रकान्यात होते. लीगमध्ये दोन कॅचर लागत असताना तिथे एकच राहिला, तर 24 ऐवजी 12 कॅचर धरले जातात आणि बरे कॅचर उगाच स्वस्त दिसतात. खेळाडू हंगामात कसा खेळेल याच्या अंदाजासाठी स्टीमर, झिप्स, एटीसी अशा पद्धतींचे पर्याय आहेत. एटीसी अनेक अंदाजांची सरासरी काढतो, त्यामुळे एखाद्याच अंदाजाच्या लहरीवर भाव ठरत नाही.

इथपर्यंत काम झकास. पण हे भाव सगळा माल बाजारात आलाय असं धरून काढलेले असतात. जुने खेळाडू राखून ठेवायची मुभा असलेल्या लीगमध्ये चांगला माल आधीच चाळीत गेलेला असतो. समजा, राखलेल्या खेळाडूंचा भाव 900 होतो आणि त्यांचा पगार, म्हणजे संघांच्या पैशातून आधीच गेलेली रक्कम, 600. मग बाजारात पैसा उरला 2520, माल मात्र 2220 चाच. 2520 भागिले 2220 म्हणजे 1.135. कॅल्क्युलेटरने 30 सांगितलेला खेळाडू त्या दिवशी 34 ला जाणार. हा गुणाकार केला नाही, तर चांगले खेळाडू हातचे जातात आणि शेवटी पैसे शिल्लक राहतात. त्या पैशाचं लोणचं घालायचं का?

करार दोन-तीन वर्षांचा असला की प्रकरण आणखी वेगळं, कारण कॅल्क्युलेटर एकाच हंगामाचं बोलतो. 18 डॉलरचा खेळाडू 10 डॉलर पगारावर तीन वर्षं मिळतोय, तर बचत 24 वाटते. पण उन्हाळ कांदा चाळीत ठेवला की घट येतेच. ढोबळ हिशेब असा: पहिल्या वर्षाची बचत पूर्ण धरा, दुसऱ्याची पाऊण, तिसऱ्याची निम्मी. 8, 6 आणि 4, म्हणजे 18. पिचर असेल तर याहून हात आखडता घ्या. कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की बारा ते अठरा महिने गेलेच. सोडलेल्या खेळाडूचा निम्मा पगार अंगावर पडेल असा नियम असेल, तर पहिल्या वर्षानंतर सुटका करून घ्यायलाही उरलेल्या 20 पैकी 10 मोजावे लागतात.

हे सगळं हाताने नको असेल त्यांनी ओटोन्यू या तयार फॅन्टसी खेळाचा साचा उचलावा. तिथे 400 डॉलरची मर्यादा, 40 खेळाडू आणि मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमध्ये) खेळलेल्याचा पगार दर हंगामानंतर 2 डॉलरने वाढतो. मुदतीची भानगडच नाही. खेळाडू महाग झाला की आपोआप बाजारात येतो. नव्या लीगला हेच बरं.

एक बारीक गोष्ट: फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीला याहूचा फॅन्टसी खेळ फलंदाज आणि पिचर असे दोन वेगळे खेळाडू मानतो. आपली लीग त्याला एक मानते की दोन, हे लिलावाआधीच लिहून ठेवा. मार्चअखेर हंगाम सुरू होतो, न्यूयॉर्कचा संध्याकाळी 7:05 चा सामना आपल्याकडे पहाटे 4:35 ला असतो, आणि त्या वेळी असली भांडणं मिटवायला कोणी जागं नसतं.

पाचपैकी चार. एक गुण चाळीचा कापला.