मंतरलेल्या भूमीचे सामर्थ्य कोठून येते: देवता, पाणी की वरदान?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हापासून रुजलेल्या भूमिकाखेळांच्या, म्हणजे पात्रे साकारत आणि फासे टाकत खेळायच्या कथांच्या परंपरेत एखादे खोरे जादूने भारलेले आहे असे गेम मास्टरने, म्हणजे कथा रचून खेळ चालवणाऱ्याने सांगितले, की आज ना उद्या खेळाडू विचारतातच: हे सामर्थ्य येते कोठून? उत्तर आधी ठरलेले नसेल, तर त्या भूमीत काय शक्य आणि काय अशक्य हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते आणि खेळाडूंना कोणताही बेत आखता येत नाही. कोल्हापुरात मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, रचणाऱ्यासमोर तीन उत्तरे अगदी दारात उभी आहेत.

पहिले उत्तर देवतेचे. तिला स्वभाव असतो, तिच्याशी बोलता येते, म्हणून संवादात रमणाऱ्या खेळाडूंना हे उत्तर भावते. मात्र सर्वसमर्थ देवता हाताशी असली की पात्रांच्या पराक्रमाला अर्थ उरत नाही. यावर तोडगा अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या रचनेत सापडतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात आणि पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख उजळते. ढग किंवा वाटेतील बांधकाम आड आले, तर ती पोहोचत नाहीत. आपल्या देवतेचे सामर्थ्यही असेच ठरावीक दिवशी, पायरीपायरीने प्रकट होऊ द्यावे आणि अडवले जाऊ शकणारे ठेवावे. रचना घ्यावी, परंतु नाव घेऊ नये. ज्या देवीपुढे आपल्या घरची माणसे हात जोडतात, तिला फाशांच्या हवाली करणे मला योग्य वाटत नाही.

दुसरे उत्तर भूमीचे, म्हणजे पाण्याचे आणि खडकाचे. पुष्कळ गेम मास्टर येथे पाश्चात्त्य ‘ले लाइन्स’, म्हणजे प्राचीन स्थळांना जोडणाऱ्या सरळ रेषा, उचलतात. १९२१ मध्ये ही कल्पना मांडणाऱ्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांना त्या रेषांत प्राचीन वाटा दिसल्या होत्या. गूढ ऊर्जेचा अर्थ त्यांना नंतर चिकटला. आपल्याकडे पंचगंगा असताना त्या उसनवारीची गरज नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या दिसणाऱ्या नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती, यांतील ती न दिसणारी पाचवी शोधणे हीच एक मोहीम होऊ शकते. शिवाय पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पुराची ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते, हे येथील प्रत्येक खेळाडूला पाठ असल्यामुळे जादूची पातळी फुटांत सांगितली तर नियम समजावण्यात वेळ जात नाही. उणीव एकच आहे: पाण्याशी वाद घालता येत नाही, त्यामुळे दीर्घ मोहिमेत हे उत्तर कोरडे पडते.

तिसरे उत्तर वराचे, आणि माझा कौल त्यालाच आहे. मरताना कोल्हासुराने या नगरीला आपले नाव राहावे असा वर मागितला आणि देवीने तो दिला, अशी आख्यायिका आहे. हरलेल्याचा शब्द जिंकणाऱ्याने पाळावा, यात कथेची केवढी शक्यता आहे! ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तेथे कोहळा फोडला जातो. असा दरवर्षी पाळावा लागणारा विधी वराला जोडला, तर तो चुकला की भूमीचे बळ ओसरते, आणि तो चुकवू पाहणारा शत्रू आपोआप जन्माला येतो. देवतेची इच्छा गेम मास्टरच्या मनात असते, वराच्या अटी मात्र खेळाडूंना वाचता येतात, त्यांचा कीस काढता येतो, त्या मोडताही येतात.

तीन-चार बैठकांत संपणाऱ्या खेळासाठी पाणी पुरेसे आहे, आणि खेळाडू भक्तिभावाची पात्रे आवडीने रंगवत असतील तर देवता घ्यावी. वर्षभर चालणाऱ्या मोहिमेसाठी वर निवडावा आणि त्याचे नेमके शब्द पहिल्या बैठकीपूर्वीच कागदावर लिहून ठेवावेत, कारण एकदा खेळाडूंना ऐकवल्यावर त्यातील एक अक्षरही बदलता येणार नाही.