तुरीचे शेंडे खुडायचं बॅटरीवालं मशीन: वापरून झालेला अनुभव

ज्यांच्याकडे दोन एकरापेक्षा जास्त तूर आहे त्यांनी हे मशीन घ्यावंच असं माझं मत आहे, आधीच सांगून टाकतो, बाकी डिटेलमध्ये खाली लिहितोय.

मशीन म्हणजे फार काही नाही. कमरेएवढा हलका पाईप, खालच्या टोकाला छोटी मोटर, तिला गोल पातं, हातात बटण आणि वायर जाते पाठीवरच्या फवारणी पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीला. म्हणजे बॅटरीचा वेगळा खर्च नाही, पंप घरोघरी आहेच. मला ते अडीच हजाराच्या आत मिळालं.

शेंडा खुडणीचा फायदा सगळ्यांना माहितीये, कृषी विद्यापीठवाले कधीपासून सांगतायत. शेंडा तोडला की झाडाची सरळ वर जायची ओढ थांबते आणि बाजूचे डोळे फुटतात, फांद्या वाढतात, आणि तुरीला शेंगा फांद्यांवरच लागतात. पण होतं काय, पेरणीपासून 45 दिवस म्हणजे येतो ऑगस्ट, तेव्हाच सोयाबीनची फवारणी, निंदणी, पोळा, सगळं एकदम, बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर त्या निंदणीला लागतात. मग खुडणी आज करू उद्या करू म्हणत राहते आणि झाड छातीला लागलं की काही उपयोग नाही. मशीनचा खरा फायदा मजुरी वाचते हा नाहीच, काम वेळेवर होतं हा आहे. एक माणूस दिवसाभरात दोन-अडीच एकर आरामात करतो, तेही दुपारी सुट्टी घेऊन.

आमच्याकडे बीडीएन 711 आहे, बदनापूरच्या संशोधन केंद्राचं पांढऱ्या दाण्याचं वाण, 150 ते 160 दिवसांत निघतं. पेरणी चार तास सोयाबीन आणि दोन तास तूर, तास म्हणजे ओळ. मुद्दाम बांधाकडची काही तासं न खुडता ठेवली. नोव्हेंबरात दोन्हीकडची झाडं शेजारीशेजारी उभं राहून बघितली, न खुडलेलं झाड माणसापेक्षा उंच गेलेलं, खाली गुडघ्यापर्यंत नुसती काडी, शेंगा सगळ्या वर. खुडलेलं खांद्याएवढंच पण रुंद, पार खालपासून फांद्या आणि वाकवून शेंगा हाताला येतात. फवारणीचं पाणी पण आतपर्यंत पोचतं, त्यामुळे शेंग पोखरणारी अळी आटोक्यात ठेवायला सोपं गेलं. काट्यावर एकरी क्विंटलभराच्या आसपास फरक आला. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये होता, हिशोब तुम्हीच करा.

आता वापरायचं कसं. नुसता कोवळा शेंडा, दोन इंच, तेवढाच काढायचा. विळ्याने मारलं की अर्धं खोड जातं किंवा झाड पिचतं, मशीनने काप एकदम साफ येतो, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पाऊस पडून गेल्यावर किंवा सकाळी झाड ओलं असताना करू नका, ओल्या जखमेतून बुरशी शिरते, ऊन पडू द्या. आणि चालता चालता फिकट हिरव्या, चट्ट्यापट्ट्याच्या बारीक पानांचं झाड दिसलं तर ते वांझ रोगाचं असतं, उपटून बाहेर न्या, कोळी नावाची बारीक कीड त्याच्यावरून दुसऱ्या झाडावर रोग नेते. एरवी तुरीत तासातासाने कोण फिरतं, या निमित्ताने सगळं शेत नजरेखालून जातं.

दुसरी खुडणी 65 दिवसांच्या आसपास करतात. भारी जमीन असेल, ठिबक असेल, उशिरा येणारं वाण असेल तर करा. हलक्या रानात, उशिरा पेरलेल्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या तुरीत मी करणार नाही, झाडाला फुटायला ताकदच नसते. आणि कळी दिसायला लागल्यावर तर शेतात मशीन नेऊच नका. अजून एक, फांद्या वाढल्या की झाडाची भूक पण वाढते. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी) आणि रायझोबियम (मुळांवर नत्र जमवणारे जिवाणू) लावलेलं असावं, फुलात आणि शेंगा भरताना एखादं पाणी देता आलं पाहिजे, नाहीतर फूल भरपूर लागतं आणि गळून जातं.

कमी काय आहे ते पण लिहितो. वायरचं कनेक्शन कच्चं आहे, चालताना सोयाबीनमध्ये अडकलं की लूज होतं आणि मोटर बंद. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणे सगळ्यांचं असंच येतं, हे काही उत्तर झालं का, पैसे घेतले तर चांगली पिन द्यायला काय जातं. शेवटी गावातल्या वायरमनकडून पिन बदलून टेप मारून घेतली, त्यानंतर त्रास नाही. पात्याला जाळी अर्धीच आहे, काड्यांचे तुकडे उडतात, चष्मा आणि गमबूट घालूनच चालवा आणि पोरांच्या हातात अजिबात देऊ नका. पातं बोथट झालं की शेंडा कापत नाही, फाडतो, म्हणून एक जास्तीचं पातं खरेदीच्या वेळीच घ्या, नंतर मिळेलच असं नाही.

एकरभरच तूर असेल तर विकत घेऊ नका, हातानेच खुडा किंवा दोघा-तिघांत मिळून घ्या. आणि घेणार असाल तर जुलैतच घ्या, दुकानात बॅटरीला जोडून दहा मिनिटं चालवून बघा, मोटर हाताला चटका देण्याइतकी तापली तर तो पीस परत करून दुसरा मागा.