इटालियन धाटणीचा कॅफे: दहा महिन्यांनी काय टिकलं, काय बदललं

पुण्यातल्या आमच्या 600 चौरस फुटांच्या कॅफेला आता 10 महिने झाले. इंटिरिअर करताना ठरवलं होतं, भिंतीवर पिसाचा मनोरा आणि व्हेनिसच्या होड्या लावायच्या नाहीत, रंग ताटातून घ्यायचे. म्हणून एक भिंत शिजलेल्या टोमॅटोच्या लाल रंगाची, खुर्च्यांच्या गाद्या बेसिलच्या हिरव्या, आणि बाकी भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या, रिकोटा चीजसारख्या दुधट.

आधी काउंटरबद्दल, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही तिथेच गेले. इटलीतल्या काराराचा पांढरा संगमरवर, चकचकीत पॉलिशचा. सीलर मारलाय, काही होणार नाही, असं विक्रेत्याने सांगितलं. पहिल्याच आठवड्यात लिंबाच्या फोडीखाली निस्तेज ठसा उठला. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर त्याला खातातच. सीलरमुळे तेल-कॉफी आत मुरत नाही एवढंच. आम्ल तर वरचा थरच झिजवतं. चौथ्या महिन्यात पॉलिश उतरवून मॅट करून घेतलं. ठसे आजही उठतात, पण चटकन नजरेत भरत नाहीत. कापाकापीच्या बाजूला सरळ स्टील बसवलं. सुरुवातीलाच असं करायला हवं होतं.

फरशीवर मात्र माझा जीव आहे. टेराझो ही व्हेनिसकडची कला, संगमरवराच्या उरलेल्या तुकड्यांतून जन्मलेली. गवंडीकाकांना फोटो दाखवला तर म्हणाले, "अहो, ही आपली मोझॅक!" बोलोन्याच्या मोर्तादेल्ला सॉसेजच्या कापात फिक्या गुलाबीवर चरबीचे पांढरे ठिपके आणि हिरवे पिस्ते दिसतात, तसाच मेळ साधला. गुलाबी सिमेंटात पांढरी खडी आणि हिरव्या संगमरवराची खडी, जागेवर ओतून घोटलेली. पावसाळाभर चिखलाचे पाय पडले, पण एका पुसण्यात पुन्हा पहिल्यासारखी.

दिव्यांचं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. स्वस्त एलईडीखाली टोमॅटोचा सॉस तपकिरी आणि बेसिल काळपट दिसायचं. 2700 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, आणि 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) असलेले दिवे लावले आणि तीच प्लेट जिवंत झाली. सगळ्या बदलांत या एकाचा गुण सर्वांत लवकर आला.

शोभेसाठी टांगलेल्या लसणाच्या वेण्यांना जुलैत बुरशी आली, आणि काचेच्या बरण्यांतल्या पास्त्यात पोरकिडे झाले. आता शेल्फवर फक्त टोमॅटोचे रंगीत डबे असतात. आवाजाचा त्रासही झाला: दगड, काच, गिलावा, सगळंच कडक, त्यामुळे ग्राइंडर सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. छताला कापडी पॅनल लावल्यावर निम्मा तरी फरक पडला.

उभं राहून कॉफी पिण्याचा काउंटर आम्ही भीतभीतच केला होता, जेमतेम 5 फुटांचा. इटलीत लोक बारपाशीच एस्प्रेसो संपवून निघतात, टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. पुणेकर बसल्याशिवाय कॉफी पिणार नाहीत असं वाटलं होतं, पण अमृततुल्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या उभ्यानेच चहा पीत आलोय की. सकाळी आठ ते दहा तिथे जागा मिळत नाही. पुढच्या महिन्यात दोन टेबलं काढून काउंटर 9 फुटांचा करतोय, या वेळी मॅट दगडाचाच.