स्विम-अप, ग्रेडियंट की चिप: स्पर्म वॉश कोणता करून घ्यावा?

आययूआय, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडायचा उपचार, करायचं ठरलं की सेंटरमध्ये विचारणा होते: वॉश, म्हणजे वीर्यातून चांगले शुक्राणू वेगळे करणं, साधा करायचा (स्विम-अप किंवा ग्रेडियंट) की चिपवाला? चिपचं बिल जास्त, म्हणजे ती चांगलीच असणार, असा आपला सरळ हिशेब. इथे तो लागू पडत नाही. तिन्ही पद्धतींत शुक्राणू निवडायचा निकष वेगळा आहे, त्यामुळे आधी हातातला वीर्यतपासणीचा रिपोर्ट बघा आणि मग बिलाकडे वळा.

मुळात शुक्राणू म्हणजे जेमतेम 0.05 मिलिमीटरचा जीव, मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर पोहणारा. एवढ्या लहान आकाराला पाणीसुद्धा पातळ राहत नाही; आपण काकवीत पोहायला उतरावं तशी त्याची अवस्था असते. शेपटी थांबली की तो जागच्या जागी थांबतो, वेगाच्या जोरावर पुढे सरकणं नाही. शेपटी नुसती मागेपुढे हलवूनही भागत नाही, तिच्यातून लाट जावी लागते. म्हणून आजूबाजूचा द्रव किती घट्ट आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. निसर्गात चांगले पोहणारे निवडायचं, चाळणीचं काम गर्भाशयमुखाचा घट्ट स्राव करतो. आययूआयमध्ये तो टप्पाच टाळला जातो, म्हणून ते काम लॅबकडे येतं. न धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडलं तर जोराचे पेटके येतात, हे आणखी एक कारण.

स्विम-अपमध्ये निकष पोहण्याचा. नळीत वीर्यावर हलक्या हाताने पोषक द्रवाचा थर देतात, नळी 45 अंशांत तिरकी करून 37 अंश सेल्सिअसला तासभर ठेवतात. जे पोहून वरच्या थरात आले, ते घ्यायचे. वर आलेले बहुतेक सगळे चपळ असतात, पण संख्येने थोडे. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, चांगला असेल तर हे पुरतं. काउंट कमी असेल तर हातात फारसं काही उरत नाही.

ग्रेडियंटमध्ये निकष घनतेचा. सिलिकाच्या बारीक कणांचे दोन द्रव असतात, बहुधा 80 टक्क्यांचा खाली आणि 40 चा वर. त्यावर वीर्य घालून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवतात. पक्व शुक्राणूचं डोकं घट्ट बांधणीचं, म्हणून तो तळाशी जातो. मेलेले, अर्धवट वाढलेले आणि पांढऱ्या पेशी बऱ्याचशा वरच अडकतात. संख्या स्विम-अपपेक्षा जास्त मिळते. काउंट कमी असेल किंवा रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी जास्त दिसत असतील, तर माझा कौल हिलाच.

पण रिपोर्टमधली ‘व्हिस्कॉसिटी’ची, म्हणजे चिकटपणाची, ओळ आधी वाचा, काउंटच्या नादात ती कुणी बघत नाही. पिपेटमधून थेंब सोडल्यावर तो सुटा पडायला हवा. 2 सेंटिमीटरपेक्षा लांब तार निघाली तर नमुना चिकट समजतात. अशा नमुन्यातून स्विम-अपला शुक्राणू वर येत नाहीत आणि ग्रेडियंटचा थरही नीट चालत नाही. त्यामुळे आधी तो पोषक द्रव मिसळून किंवा एन्झाइमने पातळ करावा लागतो. ‘आमचा नमुना चिकट आला तर काय करता?’ हा प्रश्न लॅबला जरूर विचारा. उत्तरावरून लॅब कळते.

चिपमध्ये सेंट्रिफ्यूज नाही. काही चिपमध्ये बारीक वाहिन्या असतात. त्यांत दोन द्रव न मिसळता शेजारून वाहतात आणि पोहणारे शुक्राणू पलीकडच्या प्रवाहात जातात. काहींमध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा ओलांडून यावं लागतं. अशा शुक्राणूंमध्ये डीएनए तुटण्याचं प्रमाण कमी आढळतं, हे खरं. मात्र त्यामुळे हमखास जास्त मुलं जन्माला येतात, हे अजून ठाम सिद्ध झालेलं नाही. रिपोर्टमध्ये हे डीएनए तुटणं (फ्रॅगमेंटेशन) जास्त आलंय आणि आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) पुन्हा पुन्हा फसलंय, तर चिपचा विचार करावा. पहिल्याच आययूआयला चिपसाठी सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठायची गरज मला तरी वाटत नाही. आययूआयपुरतं बोलायचं, तर स्विम-अप आणि ग्रेडियंट यांतही गर्भधारणेच्या दृष्टीने एक सरस ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं 2019 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) म्हटलंय. म्हणून मी पद्धतीच्या नावापेक्षा वॉशनंतर हलणारे शुक्राणू किती उरले, हा आकडा लिहून मागेन.

नमुना कुठे द्यायचा हेही पद्धतीइतकंच महत्त्वाचं. वाटेत तो 20 ते 37 अंशांत राहायला हवा. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 च्या पुढे जातो. दुचाकीच्या डिकीत तर विचारूच नका. अक्कलकोट-बार्शीकडून येणाऱ्यांनी घरून आणण्यापेक्षा सेंटरमध्येच द्यावा. डबी लॅबचीच घ्या, ती घरी विसळू नका. साधं पाणी शुक्राणूत शिरलं की तो फुगतो आणि शेपटी वळून गोळा होते. नमुना देताना थुंकी किंवा तेलाचाही वापर नको.